ताई, ट्रामोर आणि समुद्राचे पाणी



परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय पाहिलंत?" २०२४ च्या जुलैमध्ये मी सोळा दिवस आयर्लंडला जाऊन आलो. ऑफिसात हजर झालो त्या दिवशी माझ्या टेबलाभोवती मंडळी जमली आणि हाच प्रश्न आला. मी म्हणालो, "चौपाटी पाहिली." सगळे हसले. आमचा शिपाई म्हणाला, "चौपाटीसाठी विमानाचं तिकीट काढलंत होय साहेब? चर्नी रोडला उतरला असतात!"

त्याचे म्हणणे हिशेबाला धरून होते. तरीही त्या सोळा दिवसांत मनात राहिले ते वाळूवरचेच, आणि आज तेच सांगणार आहे.

माझे जाणे हौसेचे नव्हते. माझी भाची आयर्लंडच्या दक्षिणेला वॉटरफर्ड शहरात रुग्णालयात परिचारिका आहे. भारतातून तिकडे हजारो परिचारिका गेल्या आहेत, त्यांतली ती एक. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आमची ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, एप्रिलमध्ये गेली होती. व्हिसा तीन महिन्यांचा. जाताना ओळखीच्या एका कुटुंबाची सोबत मिळाली, येताना मिळेना. ताईचे शिक्षण चौथीपर्यंत. मध्येच उतरून दुसरे विमान पकडायचे, म्हणून तिला आणायला मी जावे असे ठरले. तिकिटाचे पैसे भाचीने भरले. मी कारकून माणूस, जमाखर्च वहीत मांडलेला आहे. तो इथे देत नाही.

वॉटरफर्ड हे आयर्लंडचे सर्वांत जुने शहर समजतात. तिथून दक्षिणेला साधारण बारा-तेरा किलोमीटरवर समुद्रकाठी ट्रामोर नावाचे गाव आहे. आयरिश भाषेत 'त्रा' म्हणजे वाळूचा किनारा आणि 'मोर' म्हणजे मोठा. नाव अगदी यथार्थ आहे. सुमारे पाच किलोमीटर लांब सरळ वाळू, समोर खुला समुद्र, मागे वाळूच्या टेकड्या. गाव उतारावर वसलेले. खाली आले की फरसबंदी रस्ता, बाकडी, आकाशपाळणे, बटाट्याच्या चिप्सच्या गाड्या, आइस्क्रीम. ऊन पडले की सारे वॉटरफर्ड इथे लोटते. मुलाबाळांची गाडी ढकलत आलेल्या आया, काठी टेकत चालणारे म्हातारे, उघड्या अंगाने फुटबॉल खेळणारी पोरे, अशी आपल्या रविवारच्या गर्दीसारखीच गर्दी. वाळूवर जायला तिकीट नाही. चिप्सच्या एका पुड्याला मात्र तेव्हा पाच युरो पडत होते, म्हणजे आपले साडेचारशे रुपये! आम्ही घरून दशम्या, बटाट्याची भाजी आणि ठेचा नेला होता.

पहिल्या दिवशी गेलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ताई वाळूवर यायलाच तयार नव्हती. फरसबंदी रस्त्यावरच्या बाकड्यावर ती जी बसली ती उठेना. पदर डोक्यावर घट्ट, मांडीवर डबा, आणि तोंड समुद्राच्या उलट दिशेला.

"ताई, खाली चल की."

"तुम्ही जा. मी बाळाकडे बघते."

बाळ झोपलेले होते. मी भाचीकडे पाहिले. ती म्हणाली, "मामा, तीन महिने हेच चाललंय. यावरून आमचं भांडणसुद्धा झालं."

भांडणाचे कारण माझा नातू. तो आठ वर्षांचा. तिकडे उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना पाण्यातली सुरक्षितता शिकवणारे वर्ग समुद्रकाठी आणि तलावांवर भरतात. प्राथमिक शाळेच्या व्यायामाच्या अभ्यासक्रमातही पाण्याचा भाग आहे. भाचीने पोराचे नाव आठवड्याच्या वर्गात घातले होते. ताई म्हणाली होती, "माझ्या देखत नातू समुद्रात जायचा नाही. मी गेल्यावर काय करायचं ते करा."

ताईला का दोष द्यावा? आमचे धाकटे काका एकोणीसाव्या वर्षी बुडून गेले. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, ताई दहा वर्षांची होती. गावाबाहेरच्या दगडाच्या जुन्या खाणीत पावसाळ्याचे पाणी साठायचे, तिथे. काठावर धुणे धुणाऱ्या बायकांत ताई आजीबरोबर होती. तिने ते पाहिले. त्या दिवसापासून आमच्या घरात पाण्याला बंदी. आम्हा भावंडांत पोहता येणारा एकही नाही. मी मुंबईत वाढलो, तरी चौपाटीवर घोट्याच्या वर पाणी कधी येऊ दिले नाही.

बाकड्यावर आमच्या शेजारी एक आयरिश आजोबा बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे असावे. भाचीशी त्यांचे बोलणे सुरू झाले. भारतात कुठून आलात, असे त्यांनी विचारले. भाचीने मुंबई सांगताच म्हणाले, "म्हणजे वराडकरांकडचे!" लिओ वराडकर हे २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ आयर्लंडचे पंतप्रधान होते, आणि त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. ही ओळख तिकडे आपल्या माणसाला फार उपयोगी पडते असे दिसले.

आजोबांनी लहानपणची आठवण सांगितली. वॉटरफर्डहून ट्रामोरला रेल्वे होती. साताठ मैलांचीच, मध्ये एकही स्टेशन नाही आणि देशातल्या दुसऱ्या कुठल्याही रुळाला जोडलेली नाही. फक्त शहरातून समुद्रावर आणि समुद्रावरून शहरात. ती ५ सप्टेंबर १८५३ रोजी सुरू झाली. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची, म्हणजे दोघी एकाच वर्षाच्या. त्याआधी ट्रामोरला समुद्रस्नानासाठी येत ते घोडागाडी परवडणारे लोक. रेल्वे आली आणि कारखान्यातला मजूर, दुकानातला नोकर आठवड्याच्या सुटीला पोरांसह येऊ लागला. आजोबांच्या वडिलांचे कुटुंब त्यांतलेच. सहा मुले, एक पाव, एक किटली. १९६० च्या वर्षअखेरीस ही रेल्वे बंद केली. तिच्या जागी बस आली. आजोबा म्हणाले, बस चांगली आहे, पण गाडीच्या खिडकीतून पहिल्यांदा समुद्र कोणाला दिसतो ही शर्यत संपली.

ताईला मी हे मराठीत सांगत होतो. ती ऐकत होती, पण मान वळवीत नव्हती. मग एकदम तिने उजवीकडे टेकाडावर बोट केले.

"तो वर उभा आहे तो कोण? देव आहे का त्यांचा?"

भाची हसली. "देव नाही गं आई. लोखंडाचा माणूस आहे. खलाशी."

ट्रामोरचा किनारा दोन डोंगरी टोकांच्या मध्ये आहे. समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताच्या टोकावर तीन पांढरे मनोरे, डाव्या हाताच्या टोकावर दोन. उजवीकडच्या मधल्या मनोऱ्यावर त्या काळच्या ब्रिटिश खलाशाच्या पोशाखातला चौदा फुटी पुतळा आहे. एक हात लांब करून समुद्राकडे दाखवतो आहे. तिथले लोक त्याला 'मेटल मॅन' म्हणतात. एक समजूत अशी, की लग्नाच्या मुलीने अनवाणी, एका पायावर, मनोऱ्याला तीन फेऱ्या घातल्या तर वर्षाच्या आत लग्न ठरते. हे ऐकून ताई पहिल्यांदा हसली. म्हणाली, "लंगडी घालून नवरा मिळत असता तर तुझ्या बापाकडे चार वर्षं खेटे कशाला घातले असते माझ्या बापानं!"

पण मनोऱ्यांची खरी कथा हसण्यासारखी नाही. नेपोलियनबरोबरचे युद्ध १८१५ साली संपले आणि ब्रिटिश पलटणी फ्रान्समधून परत निघाल्या. ५९ व्या पलटणीचे शिपाई 'सी हॉर्स' नावाच्या जहाजाने इंग्लंडच्या रॅम्सगेट बंदरातून आयर्लंडमधल्या कॉर्ककडे निघाले. महिना जानेवारी, साल १८१६. त्या काळी काही शिपायांच्या बायका-मुलांना पलटणीबरोबर जाता येत असे. त्यामुळे जहाजावर तीही होती. वाटेत वादळ सुटले. या किनाऱ्याची नीट माहिती असलेला जहाजावरचा एकच अधिकारी जमीन पाहण्यासाठी डोलकाठीवर चढला, आणि वरून पडून मेला. मग त्या शिडाच्या जहाजाला वाट दाखवणारा कोणी उरला नाही. वॉटरफर्ड बंदराचे सुरक्षित तोंड ट्रामोरच्या पलीकडे पूर्वेला आहे. वादळात ट्रामोरची उथळ खाडी म्हणजे सापळा, आत शिरलेले शिडाचे जहाज उलट वाऱ्यावर बाहेर पडू शकत नसे. ३० जानेवारीला 'सी हॉर्स' त्या सापळ्यात सापडले. नांगर टाकले ते टिकले नाहीत. जहाज वाळूवर आपटले आणि फुटले, तेही किनाऱ्यावरच्या लोकांना दिसत होते इतक्या अंतरावर.

३६३ माणसे बुडाली. त्यांत ७१ बायका आणि मुले. युद्धातून जिवंत परत आलेली माणसे जमीन डोळ्यांसमोर असताना गेली. गावात त्यांचे स्मारक आहे. पुढे १८२३ साली दोन्ही टोकांवर हे पाच मनोरे उभे राहिले. उद्देश एकच, दुरून येणाऱ्या जहाजाने मनोरे मोजावेत आणि ओळखावे, की ही वॉटरफर्ड बंदराची वाट नव्हे, इकडे येऊ नका.

मी सांगत गेलो आणि ताई पुतळ्याकडे पाहत राहिली. "म्हणजे एवढी माणसं गेल्यावर बांधलं," ती म्हणाली. "आपल्या खाणीला कुंपण कधी घातलं ठाऊक आहे का तुला? अजून नाही घातलं."

यावर मला काही बोलता आले नाही. खाण आजही तशीच आहे, हे मलाही माहीत होते.

त्या संध्याकाळी आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बाहेर होतो, कारण जुलैत तिकडे तोवर उजेड असतो. ताई बाकड्यावरून उठली नाही ती नाहीच.

दुसऱ्या खेपेला भाचीने आम्हाला गावात एक बाग दाखवली. आपल्या वाचकांना याचे विशेष वाटेल म्हणून सांगतो. लाफकादिओ हर्न या लेखकाच्या स्मरणार्थ २०१५ साली ट्रामोरमध्ये जपानी पद्धतीची बाग उघडली. हर्नचा जन्म १८५० चा. आई ग्रीक, बाप आयरिश आणि ब्रिटिश सैन्यात डॉक्टर. आई पोराला सोडून मायदेशी परतली. बापाने दुसरे लग्न केले आणि १८५७ मध्ये नव्या बायकोसह आपल्या हिंदुस्थानात, सिकंदराबादेला निघून गेला. पोर राहिले बापाच्या मावशीकडे. ती त्याला उन्हाळ्यात ट्रामोरला आणत असे. बापलेकांची शेवटची भेट याच गावी झाली असे सांगतात. पुढे शाळेत असताना त्याचा एक डोळा गेला. मावशीचे पैसे बुडाले. हा अमेरिकेला जाऊन वर्तमानपत्रात राबला आणि १८९० मध्ये जपानला पोहोचला. तिथे शिक्षक झाला, जपानी बाईशी संसार केला, कोइझुमी याकुमो हे नाव घेऊन जपानचा नागरिक झाला. जपानी लोकांच्या साध्या जीवनावर, त्यांच्या भुताखेतांच्या गोष्टींवर आणि बौद्ध विचारावर त्याने भरपूर लिहिले. १९०४ मध्ये टोकियोत त्याचे निधन झाले, तेव्हा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला.

बागेत पाण्याचे वळण आहे, पूल आहे, झाडे नीट राखलेली आहेत. ताईने सगळे ऐकून एकच प्रश्न केला, "पोहायला येत होतं का त्याला?" येत होते. चांगले येत होते. जपानमध्येसुद्धा तो उन्हाळ्यात मुद्दाम समुद्रकाठच्या याइझू गावी पोहायला जाई. ताई म्हणाली, "आईबापांनी टाकलेल्या पोराला समुद्रानं धरून ठेवलं म्हणायचं." हे वाक्य माझे नाही, चौथी शिकलेल्या बाईचे आहे.

बागेतून निघाल्यावर पश्चिमेला, मेटल मॅनच्या बाजूला, खडकातली एक पोहण्याची जागा आहे, गिलामीन नावाची. तिथे उतरायला पायऱ्या केल्या आहेत. वाटेवर एक जुना फलक उभा आहे. भाचीने वाचून दाखवला : फक्त पुरुषांसाठी. पूर्वी गिलामीन पुरुषांची, आणि शेजारची न्यूटाउनची छोटी खाडी बायकामुलांची, अशी वाटणी होती. आता वाटणी उरलेली नाही. फलक तेवढा जुनी आठवण म्हणून ठेवला आहे आणि त्याच्या शेजारून बायका खुशाल पोहायला जातात. मात्र असे फलक आपोआप निष्प्रभ होत नसतात. डब्लिनजवळ सँडीकोव्हला 'फोर्टी फूट' म्हणून अशीच पुरुषांची राखीव जागा होती. १९७४ साली काही स्त्रिया तिथे गेल्या आणि सरळ पाण्यात उतरल्या, तेव्हा ती रीत मोडायला सुरुवात झाली.

पाण्याजवळच्या फलकांबद्दल आपल्या वाचकांना मी काय सांगू? ताई तिथे बराच वेळ उभी होती. खाली पासष्ट-सत्तरीच्या चार बायका पाण्यात होत्या. पाणी चौदा-पंधरा अंशांचे, हात घातला तर बोटे बधिर होतात. त्या मात्र गप्पा मारीत तरंगत होत्या, पाणवठ्यावर बसल्यासारख्या. त्यांतल्या एकीने ताईला हात हलवून या या केले. ताईने लाजून पदर तोंडाशी नेला.

मग ती माझ्याशी हळूच बोलली. "काका खाणीत का जायचे रे? गावची विहीर होती की, पायऱ्यांची. गावची पोरं त्यातच शिकायची, म्हातारे कमरेला दोर बांधून शिकवायचे. आपल्या पोरांना तिथं कोण उतरू देणार? म्हणून खाण. शिकवायला कोणी नाही, दोर नाही, पायरी नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "मी आजवर पाण्यालाच दोष देत आले."

नातवाचा वर्ग सोमवारपासून होता. ताईने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मंगळवारी सकाळी मात्र माझ्याआधी तयार होऊन ती दाराशी उभी होती.

आता वर्गात काय पाहिले ते थोडे विस्ताराने सांगतो. आपली मुले सहलीला अलिबाग, मुरुड, गणपतीपुळ्याला जातात आणि दरवर्षी कुठल्यातरी घरात अंधार होतो. सर्वात आधी मुलांना पाण्यात नेलेच नाही. वाळूवर बसवून झेंडे ओळखायला लावले. वर लाल, खाली पिवळा असा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर आहेत, आणि असे दोन झेंडे रोवलेले असतील त्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचे. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचे नाही. झेंडाच नसेल तर जीवरक्षक नाही असे समजायचे. उन्हाळ्याच्या महिन्यांत ठरलेल्या वेळातच ते असतात.

नंतर पाण्याची ओढ. लाटा काठाकडे जे पाणी आणतात ते परत जायला वाट शोधते आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत समुद्राकडे जाते. वरून तो पट्टा शांत दिसतो, लाट फुटत नाही, म्हणून अजाण माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढ माणसाला तळाशी नेत नाही, काठापासून दूर नेते. घाबरून सरळ काठाकडे हातपाय मारणारा दमतो आणि दमलेला बुडतो. म्हणून आधी पाठीवर तरंगायचे, हात वर करून ओरडायचे, आणि पोहता येत असेल तर काठाला समांतर आडवे जाऊन ओढीतून बाहेर पडायचे. ट्रामोरच्या वाळूच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे मागच्या खाजणाचे पाणी भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करते, तिथे ओढ फार जबर. तिकडे पोहायचेच नाही, असे मुलांना बजावले.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्याकडे जीव घेते. एक बुडतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो, आणि दोघेही जातात. त्या मुलांना शिकवले, की उडी मारायची नाही. ओरडायचे, ११२ ला फोन करायचा, आणि तरंगेल असे काहीतरी फेकायचे. काठावर ठिकठिकाणी पिवळी तरंगती कडी दोरासह टांगलेली असतात. हे कडे चोरणे म्हणजे कोणाचा तरी जीव चोरणे, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर असतो. म्हणजे चोर तिकडेही आहेत! हवा भरलेली रबरी खेळणी समुद्रात न्यायची नाहीत हेही सांगितले, कारण काठाकडून वारा असला की पोर खेळण्यासकट आत जाते.

हे सगळे भाची आईला मराठीत सांगत होती. ताई फरसबंदीवरून उतरून वाळूच्या कडेला आली होती. फेकायच्या कड्याचे तिने फार नवल केले. तिने ते हातात घेऊन वजन पाहिले, दोर ओढून पाहिला, आणि पुन्हा जसेच्या तसे टांगले.

शुक्रवारी वर्गाचा शेवट. ओहोटी होती. ओहोटीला ट्रामोरची वाळू इतकी रुंद होते, की पाण्यापर्यंत चालतच जावे लागते. नातू रबरी पोशाखात होता, ओठ निळे, पण तोंडभर हसू. कंबरेइतक्या पाण्यात शिक्षिका शेजारी उभी, आणि तो पाठीवर झोपून हात पसरून तरंगत होता. "आजी, बघ! काहीच करायचं नाही. नुसतं पडून राहायचं!"

ताईने चपला काढल्या. एक माझ्या हातात दिली, एक भाचीच्या, का ते तिलाच ठाऊक. नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि चालू लागली. पहिल्या लाटेला थबकली, "अगं आई गं, बर्फ आहे!" म्हणाली, पण परत फिरली नाही. घोटे, पोटऱ्या, गुडघे. मी मागोमाग गेलो. माझी विजार भिजली. ती नातवापाशी उभी राहिली आणि त्याच्या डोक्याखाली तळहात धरला, बाळाच्या डोक्याखाली धरतात तसा. शिक्षिका इंग्रजीत म्हणाली, आता हात काढा, तो राहतो. ताईला इंग्रजी येत नाही. पण तिने हात काढला.

पोरगा राहिला.

ताई किती वेळ पाण्यात होती मी मोजले नाही. बाहेर आली तेव्हा दात वाजत होते. आयरिश आजोबा बाकड्यावर होतेच. त्यांनी आपली थर्मासची चहा पुढे केली. बिनदुधाची, बिनसाखरेची, ताईने ती औषधासारखी घेतली.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत आलो. २०२५ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये भारतीय लोकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या, त्यांत वॉटरफर्डचेही नाव होते. आमच्या घरात दोन रात्री कोणाला झोप नव्हती. ती माणसेही तिथलीच, आणि हात हलवून बोलावणारी बाई, चहा देणारे आजोबा हेही तिथलेच. दोन्ही खरे आहे. म्हणून गोड तेवढेच सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. भाची फोनवर म्हणाली, "मामा, काही दिवस जपून राहिलो. शेजारीपाजारी येऊन विचारून गेले. कामावर जातेच आहे."

ताईने फोन ओढून घेतला. मला वाटले, ती आता पोराला घेऊन इकडे निघून ये म्हणणार. नातू फोनवर आला आणि सांगू लागला, आजी, आम्ही रविवारी ट्रामोरला गेलो होतो, मी न थांबता वीस हात पोहलो, मम्मीला विचार.

ताई म्हणाली, "ते राहू दे. झेंडा कुठला होता ते सांग आधी."